एका फ्लॅटमागे एक जोडी

माझ्या दादाची पाठ माझ्याइतकी कुणीच पाहिलेली नाही. खरी पाठ नव्हे. ती सकाळी महाप्याच्या बससाठी तो बॅग लटकवून लिफ्टकडे धावतो तेव्हा दिसते तेवढीच. मी म्हणतेय ती मोबाईलच्या पडद्यावरची, खाकी जाकीट घातलेली, खांद्यावरून आडवा पट्टा गेलेली. आम्ही जो गोळीबाराचा गेम खेळायचो, त्यात दादा पुढे आणि मी मागे हे माझ्या कॉलेजच्या दिवसांपासून ठरलेलं होतं. तो पळायचा आणि मी वळून वळून बघत त्याच्यामागून जायचे, आडून कुणी नेम धरत नाही ना. मित्रांना माझी ओळख करून देताना तो म्हणायचा, "ही माझी पाठराखीण." लग्नात नव्या नवरीबरोबर सासरी जाते ती पाठराखीण. दादा चिडवायला म्हणायचा, पण मला ते फार आवडायचं.

गेममध्ये मैदानं पुष्कळ होती. वाळवंट होतं, बर्फ होता, ओस पडलेली शाळा होती. आमचं मैदान मात्र एकच, बंदरावरचं यार्ड. एकावर एक रचलेले कंटेनर, त्यांच्यामधून माणूसभर रुंदीच्या गल्ल्या, एका टोकाला गोदाम, दुसऱ्या टोकाला धक्क्याला लागलेलं जहाज आणि मधोमध पिवळी क्रेन. एक टीम गोदामाकडून सुटायची, एक जहाजाकडून. समोरच्यांना आधी आडवं केलं की डाव आपला. बाकीचे लोक यार्ड लागलं की कुरकुरायचे, फार कोंदट आहे म्हणायचे. आम्ही दोघं मात्र घरी आल्यासारखे सुटायचो.

त्याला कारण होतं. बाबा वाशीच्या मसाला मार्केटमध्ये माथाडी. लहानपणी शाळेला सुट्टी असली की त्यांचा डबा पोचवायला दादा आणि मी सानपाड्याहून चालत जायचो आणि बाबा जेवेपर्यंत पोत्यांच्या थप्प्यांमध्ये लपाछपी खेळायचो. शिंकून शिंकून बेजार व्हायचो, पण निघायचं नाव नाही. पुढे गेममध्ये यार्ड पहिल्यांदा लागलं तेव्हा दादा म्हणाला, "आयला, हे तर आपलं मार्केट!" मग लाल कंटेनरांची गल्ली झाली मिरची गल्ली, क्रेनचं नाव पडलं काटा आणि जहाजाजवळच्या पत्र्याच्या केबिनचं चहावाला. "एक जण मिरचीत, एक चहावाल्याकडे," असं मी कानातल्या इअरफोनमध्ये सांगितलं की दादाला सगळं कळायचं. टीममध्ये बाकी जे कोण अनोळखी असतील त्यांना काही कळायचं नाही, आणि ते तसंच असावं असं मला वाटायचं.

आणि एक शब्द होता, बाजू. पोतं पाठीवर घेतलेल्या माणसाला मान वर करता येत नाही, त्याला स्वतःचे पाय तेवढे दिसतात. म्हणून तो "बाजू, बाजू" ओरडत चालतो, आणि वाट मोकळी आहे की नाही हे बघायचं काम आजूबाजूच्यांचं असतं. बाबांनी हे आम्हाला धमकावून शिकवलेलं. यार्डात क्रेनच्या अलीकडे एक मोठा निळा कंटेनर होता आणि त्याच्या पुढे उघडा पट्टा. तो पळत ओलांडावा लागायचा, आणि पळताना बंदूक चालवता येत नाही. दादा निळ्या कंटेनरमागे थांबायचा आणि म्हणायचा, "बाजू." मी चारही दिशांना बघून म्हणायचे, "जा." माझ्या 'जा'शिवाय त्यानं त्या पट्ट्यात कधी पाऊल टाकलं नाही. घरात मी धाकटी, माझं कुणी ऐकायचं नाही. यार्डात मात्र मी जा म्हटल्याशिवाय माझा मोठा भाऊ हलायचा नाही.

मग दादाचं लग्न झालं.

वहिनी कराडकडची. चांगली आहे, हे आधीच सांगून टाकते. वाईट असती तर माझं काम किती सोपं झालं असतं! माझ्याच वयाची, पण मला 'ताई, तुम्ही' म्हणते. आईच्या हातातलं काम काढून घेते, बाबांच्या गुडघ्यांना तेल लावायची आठवण करते आणि भाकरी माझ्यापेक्षा पातळ थापते. तिच्याबरोबर पाठराखीण म्हणून तिची चुलत बहीण आली होती. ती आठवडाभर राहिली, वहिनी रुळली तशी परत गेली. एसटीत बसताना ती पोरगी रडली आणि मला तिची भयंकर कीव आली.

पहिले काही महिने गेमला कुणी हात लावला नाही. मला वाटलं, संसारात पडला, सुटला गेम. पण एका रविवारी जेवणं झाल्यावर मी आतून चार्जर आणायला गेले आणि बाहेर आले तर दादा सोफ्यावर, वहिनी त्याच्या शेजारी, दोघांच्या हातात फोन. दादा सांगत होता, "ही मिरची गल्ली. तो काटा. इथं थांबायचं. मी बाजू म्हटलं की बघायचं."

मला काय झालं ते सरळ सांगते. माझ्या पोटात दुखलं. बायकोला त्यानं बांगड्या आणल्या, सोफा आणला, महाबळेश्वरला नेलं, मला काही वाटलं नाही. पण मिरची गल्ली? ती त्याच्या एकट्याची होती का, अशी परस्पर वाटायला? त्या थप्प्यांमध्ये शिंकत मी पण बसले होते.

पुढचे रविवार मी त्या सोफ्यासमोरच्या खुर्चीत बसून काढले. माझा नेम चुकला की दादा वर्षानुवर्षं मला "डोळे आहेत का बटणं?" म्हणत आला. वहिनीनं चुकून त्याच्याच पायाशी बॉम्ब टाकला, दोघंही मेले, तर हा हसतोय! "अगं, मला कशाला उडवतेस?" म्हणून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसतोय. मी तसं केलं असतं तर रात्रीपर्यंत ऐकून घ्यावं लागलं असतं. तिला नवीन इअरफोन मिळाले. मला जे मिळाले होते ते त्याचे जुने होते आणि त्यातला एक कान चालायचा नाही.

"तूही ये की," दादा म्हणायचा. एकदोनदा गेलेही, पण तेव्हा नेमकं यार्ड लागलं नाही. तिघं खेळताना आपण दोघांच्या मध्ये येतोय असं सारखं वाटायचं, आणि तसं वाटतंय याचाच मला राग यायचा. मग मी डोकं दुखतंय, कामावरून थकून आलेय, असं काहीतरी सांगून आतल्या खोलीत पडून राहायला लागले. दार मात्र उघडं ठेवायचे. बाहेरून वहिनीचा आवाज यायचा, "या, या, लवकर या!" गेममध्येसुद्धा नवऱ्याला अहो-जाहो! मी उशीत तोंड खुपसून तिची नक्कल करायचे.

मी तळोज्याला एका केमिकल कंपनीच्या लॅबमध्ये आहे. कंपनीची बस रोज कंटेनरच्या ट्रेलरमागे अडकते. पूर्वी खिडकीतून निळा कंटेनर दिसला की मला हसू यायचं. त्या दिवसांत मी खिडकीकडे बघणंच सोडून दिलं होतं.

तेवढ्यात सोसायटीचा वर्धापन दिन आला. दरवर्षी कॅरम, बुद्धिबळ आणि संगीत खुर्ची असते. त्या वर्षी पोरांनी हट्ट धरला म्हणून मोबाईल गेमही ठेवला. सेक्रेटरी काकांना त्यातलं काही कळत नाही. त्यांनी नोटीस बोर्डावर लिहिलं, 'बंदुकीचा खेळ (मोबाईलवर)'. मैदान यार्ड, कारण ते लहान आणि डाव पटकन आटपतो. दोन विरुद्ध दोन. आणि खाली जाड अक्षरांत, 'एका फ्लॅटमागे एकच जोडी'. काकांचं सगळंच पार्किंगच्या हिशोबानं चालतं.

ती नोटीस मी कामावरून येताना वाचली आणि लिफ्टसाठी न थांबता जिन्यानं वर गेले. जेवताना विषय निघणारच होता आणि तो आईनंच काढला.

"खाली तुमचा तो गेम ठेवलाय म्हणे. कोण बसणार?"

दादानं आमटीत भाकरी कुस्करली. बराच वेळ कुस्करली. मग म्हणाला, "तुम्ही दोघी ठरवा ना. मला काय, कुणीही चालेल."

कुणीही चालेल! इतकी वर्षं ज्याची पाठ राखली, त्याला कुणीही चालणार होतं. आई म्हणाली, "नवीन आहे ती, सोसायटीत ओळखी होतील. तिलाच बसू दे." बाबांनी वर बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि परत खाली बघून जेवायला लागले. त्यांना कळलं होतं, पण ते मध्ये पडणाऱ्यांतले नाहीत.

"नको नको," वहिनी म्हणाली. "ताईच बसू देत. त्यांचा जुना हात हाय. मी खाली बसून बघीन."

झालं. मला जे हवं होतं ते मिळालं. आणि मला इतका राग आला की मी भात न घेताच उठले. तिनं जागा सोडली याचाच राग. जागा तिची होती म्हणून तर तिला ती सोडता आली. मला माझ्याच भावाशेजारची जागा वहिनीकडून दान मिळाली होती, आणि वर मला "थँक यू" म्हणावं लागलं होतं.

दादाला मी दोनतीनदा म्हटलं, सरावाला बसूया. तो म्हणाला, "आपल्याला कशाला सराव? आपलं जुनं आहे." हे वाक्य मी चार दिवस गोळीसारखं चघळलं. आपलं जुनं आहे. ते मी मनातल्या मनात वहिनीलाही ऐकवलं.

कार्यक्रम खाली पार्किंगमध्ये होता. गाड्या बाहेर काढून प्लास्टिकच्या खुर्च्या मांडलेल्या, बटाटेवड्याचा वास, तळमजल्यावरच्या कुणाचा तरी मोठा टीव्ही टेबलावर ठेवून त्याला आमचे फोन जोडलेले. खेळणाऱ्यांना दोन खुर्च्या शेजारी शेजारी. मी नवा कुर्ता घातला होता. गेम खेळायला नवा कुर्ता कशाला, असं आईनं विचारलंही. दादाच्या शेजारच्या खुर्चीत बसताना मी मागे वळून बघितलं. वहिनी दुसऱ्या रांगेत आईजवळ बसली होती. तिनं मला अंगठा दाखवला. मी हसले आणि मनात म्हटलं, बघ आता.

समोर मागच्या विंगमधली कॉलेजची जोडी होती. तीन डाव, दोन जिंकले की पुढे. पहिला डाव सुरू झाला, आम्ही गोदामातून सुटलो. दादाची पाठ माझ्यापुढे, तेच खाकी जाकीट. मिरची गल्लीतून आम्ही सरसर गेलो. मी मागे बघत होते, बाजूला बघत होते, सगळं हाताला आपोआप येत होतं. मला इतका आनंद झाला होता की खेळताखेळता रडू येईल असं वाटलं. निळ्या कंटेनरमागे दादा थांबला. मीही त्याच्यामागे थांबले. चारही दिशा बघून घेतल्या. वाट मोकळी होती. आता तो म्हणणार बाजू, आणि मी म्हणणार जा.

तो म्हणेना.

मी थांबले. तो थांबला. शेवटी त्यानं फोनवरून नजर न काढता विचारलं, "हं?"

"काय हं?" मी म्हटलं.

"अगं निघ ना."

"कोण, मी?"

दुसऱ्याच्या दारात उभं राहून दोन पाहुण्यांनी तुम्ही आधी, तुम्ही आधी करावं तसे आम्ही त्या कंटेनरमागे उभे होतो, आणि सगळं पार्किंग मोठ्या टीव्हीवर ते बघत होतं. कॉलेजवाल्यांनी क्रेनवरून एक बॉम्ब टाकला. एकाच बॉम्बमध्ये दोघंही आडवे. लोक हसले. सेक्रेटरी काकांना वाटलं आम्हीच जिंकलो, त्यांनी टाळ्या वाजवल्या.

"सॉरी, सॉरी," दादा कान खाजवत म्हणाला. "माझीच चूक. सवय लागलीय."

"कसली सवय?"

"ती पुढे जाते ना. मी मागे असतो."

ते त्यानं अगदी सहज सांगितलं, घरात आज कोणती भाजी आहे ते सांगावं तसं. आणि मला आतल्या खोलीत ऐकलेलं ते "या, या, लवकर या" आठवलं. ती नवऱ्याला मान देत नव्हती. ती पट्टा ओलांडून पलीकडे पोचलेली असायची आणि तिथून त्याला बोलवत असायची.

म्हणजे माझी जागा तिनं घेतलीच नव्हती. माझी जागा दादा घेऊन बसला होता. इतके दिवस मी ज्या जागेवरून जळत होते, ती मागची जागा तिच्याकडे नव्हतीच. वहिनीकडे होती ती पुढची जागा यार्डात मला कधी मिळालीच नव्हती. मी जळायचं तेवढं जळले होते, पण चुकीच्या गोष्टीवरून. आता खऱ्या गोष्टीवरून पेटले आणि ते फारच जास्त लागलं.

"आता जुन्यासारखं करू," दादा म्हणाला. "मी जातो पुढे, तू मागून बघ."

"नको," मी म्हटलं. "मी जाते."

त्यानं पहिल्यांदाच फोनवरून डोळे काढून माझ्याकडे बघितलं. पण दुसरा डाव सुरू झाला होता. गोदामातून मी आधी सुटले. निळ्या कंटेनरमागे थांबले आणि म्हटलं, "बाजू." तो शब्द त्या यार्डात मी तोवर कधीच उच्चारला नव्हता, फक्त ऐकला होता. माझा आवाज जरा चिरकलाच.

"जा," दादा म्हणाला.

मी पट्टा ओलांडला. क्रेनखालून गेले. आणि पलीकडे पोचल्यावर मला काही म्हणजे काही सुचेना. पडद्याच्या मधोमध जिथे कायम खाकी जाकीट असायचं तिथे आता काहीच नव्हतं. जहाज होतं, आणि जहाजाच्या पलीकडे समुद्र होता, चक्क हलत होता. बंदर म्हटल्यावर समुद्र असणारच, मला काय कळत नव्हतं? पण मी तो असा समोरून बघितलाच नव्हता. इतकी वर्षं मी ते यार्ड दादाच्या पाठीच्या दोन्ही कडांवरून बघत आले होते. कुठे लपायचं, कुठे वळायचं, हे त्याला माहीत होतं. मला तो कुठे वळतो एवढंच माहीत होतं. मी तिथे समुद्र बघत उभी राहिले आणि चहावाल्याच्या खिडकीतून कुणीतरी मला गोळी घातली. मागोमाग दादाही गेला. दोन डाव गेले, आमचा खेळ संपला. आम्ही खुर्च्यांवरून उठलो तेव्हा बटाटेवडेही संपले होते.

आई-बाबा खालीच थांबले, दादा टीव्ही उचलायला मदत करत होता. वर जायला लिफ्टपाशी मी आणि वहिनी. मी मुद्दाम मजल्यांच्या आकड्याकडे बघत होते. ती हळूच म्हणाली, "ताई, तो पट्टा वलांडला ना, की उजव्या हाताला पिंपं हायत. तिथं बसायचं. त्या केबिनीतनं दिसत न्हाई आपुन."

मला माहीत नव्हतं. माझ्या यार्डात पिंपं आहेत हे मला कराडहून काल आलेली बाई सांगत होती.

"तुला दादानं सांगितलं का, पुढे जा म्हणून?" मी विचारलं. मला हो ऐकायचं होतं. त्यानं तिला ती जागा दिली असेल तर मला त्याच्यावर चिडता आलं असतं, आयुष्यभर चिडता आलं असतं.

"ते कशाला सांगत्यात?" वहिनी हसली. "पयल्या दिवशी म्हणले, माझ्या मागं ऱ्हा. ऱ्हायले. पण मागनं काय दिसंनाच मला, समदी ह्यांचीच पाठ. म्हटलं, तुमी थांबा जरा, मी बघून येते."

लिफ्ट आली. मी आत जाऊन उभी राहिले आणि आमच्या मजल्याचं बटण दाबायचं विसरले. ते तिनं दाबलं.

पुढच्या रविवारी जेवणं झाल्यावर दादा सोफ्यावर आडवा होऊन घोरायला लागला. वहिनीनं खाली सतरंजीवर बसून फोन काढला आणि विचारलं, "ताई, येताय?" मी माझे एका कानाचे इअरफोन घेऊन तिच्याशेजारी जाऊन बसले. यार्ड लागलं. मिरची गल्लीतून ती पळाली, मीही पळाले, आणि निळ्या कंटेनरमागे आम्ही दोघी शेजारी शेजारी थांबलो.

"तुमी जाताय का मी?" वहिनीनं विचारलं.

त्या कंटेनरमागे मी किती वेळा उभी राहिले असेन, पण हे मला कुणी कधी विचारलं नव्हतं. मी स्वतःलाही नाही. ते विचारायचं तिला सुचलं, याचाही मला तिथल्या तिथे हेवा वाटला.

"मी," मी म्हटलं.